अठराची हवा

१

सकाळी सात वाजता धाकूची स्लीपिंग बॅग रिकामी आहे हे सगळ्यांना कळलं, आणि सव्वासातपर्यंत सगळ्यांनी ते हसण्यावारी नेलं. धाकूच्या पायाला भिंगरी होती, हे काय नवीन होतं? पस्तिशी उलटली तरी गड्याला एका जागी बसवत नसे. कॅमेरा घेऊन कुठेतरी पालथा पडला असेल, भूक लागली की येईल धावत. सहलीला सोबत आलेल्या दातांच्या डॉक्टरांनी तर त्याच्या वाटणीचा चहाही संपवून टाकला.

हसली नाही ती एकटी त्याची बहीण. त्याच्यापेक्षा बारा वर्षांनी थोरली. आई लवकर गेली, तेव्हा धाकूला न्हाऊमाखू घालण्यापासून शाळेत मास्तरांची बोलणी खाण्यापर्यंत सगळं हिनेच केलं. स्वतःला मूल झालं नाही, आणि धाकू असताना ती उणीव तिला फारशी भासलीही नाही. तो तिला अक्का म्हणायचा, म्हणून आपणही तेच म्हणू.

अक्काची नोकरी विमा कंपनीत, अपघात झालेल्या गाड्या तपासायची. गाडी झाडाला धडकली की झाडापाशी नेऊन उभी केली, हे ती पत्र्याच्या चुण्या बघून सांगायची. समोरचा माणूस कितीही रडो, ती आधी गाडी बघायची आणि मग माणूस. त्याच सवयीने तिने धाकूची पथारी पाहिली. बूट नव्हते, कॅमेरा नव्हता. पाण्याची बाटली मात्र उशाशी होती, गळ्यापर्यंत भरलेली.

"याने पाणी नेलं नाही," ती म्हणाली.

तेव्हा हसणं थांबलं. पाणी न घेता या उजाड मुलखात पायी फिरणाऱ्याला जेमतेम अर्धा दिवस मिळतो, हे त्यांच्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

"मी साडेपाचला उठलो, तर हा गायब," तिचा नवरा सांगू लागला. त्याला सगळे कॅप्टन म्हणत. सैन्याशी त्याचा संबंध खिशाखिशांच्या पँटपुरताच होता, पण गेली वीस वर्षं जीपगाड्या घेऊन दगडधोंड्यांतून माणसं नेणं-आणणं तोच करत होता. "म्हटलं, ओढ्यात उतरला असेल. गाडी काढली आणि दीड तास ओढ्याची वाळू तुडवून आलो. खालच्या वळणापाशी त्याच्या बुटांचे ठसे होते. पुढे दगड लागले, मग काही नाही."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. अक्काला त्याची दया आली. गेल्या वर्षीच्या सहलीत त्याच्या हाताखालचा एक जण गाडीखाली सापडून पाय गमावून बसला होता, आणि अक्काने पुढे दोन महिने नवऱ्याशी धड बोलणं टाकलं होतं. या वेळी धाकूने येण्याचा हट्ट धरला, तेव्हा तिने नवऱ्याकडून शब्द घेतला होता की धाकूला खाणीच्या तोंडापाशीही न्यायचं नाही. शब्द घेऊनही तिला राहवेना, म्हणून ती स्वतःही आली होती.

त्यांचा मुक्काम शाळेच्या पटांगणात होता. खाण बंद पडून तीस वर्षं झाली, तेव्हापासून गाव ओस. कामगारांच्या चाळींची दारं-खिडक्या लोकांनी कधीच उपटून नेल्या होत्या. शाळेचे बाक तेवढे शाबूत होते, कारण ते जमिनीत पक्के रोवलेले. वजनकाट्याच्या खोलीत एक म्हातारा पहारेकरी राहायचा, पूर्वीचा खाणकामगार. दगड फोडणाऱ्या मशीनने त्याचे कान खाल्ले होते. त्याच्याशी बोलायचं म्हणजे ओरडायचं.

अक्काने ओरडून विचारलं, "बाबा, माणूस पडेल अशी जागा आहे का इथे?"

म्हाताऱ्याने तिच्याकडे वेड्या बाईकडे पाहावं तसं पाहिलं.

"या गावात सतरा भोकं आहेत, बाई. मला माहीत असलेली."

२

"मग आधी भोकंच बघू," अक्का म्हणाली. पण कॅप्टन म्हणाला, "ठसे ओढ्यात आहेत ना? मग भोकं कशाला शोधायची? आधी ओढा." त्यात खोड काढण्यासारखं काही नव्हतं. दोन्ही गाड्या ओढ्यात उतरल्या. गाड्या दुरुस्त करायला सोबत आणलेला मिस्त्री आणि डॉक्टर एका गाडीतून वरच्या अंगाला गेले, कॅप्टन आणि अक्का दुसऱ्या गाडीतून खालच्या अंगाला.

ओढा कसला, पाण्याचा टिपूस नव्हता. मऊ वाळू आणि गोटे, दोन्हीकडे खाणीतून उपसलेल्या मातीचे ढीग. खालच्या वळणापाशी कॅप्टनने ठशांची जागा दाखवली, पण त्याच्याच गाडीची चाकं आता त्यावरून गेली होती. अक्का दर शंभर पावलांवर उतरून हाका मारत होती. ऊन चढत होतं. धाकूच्या बायकोला आठवा महिना लागला होता, आणि निघताना अक्काने तिला मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं की तुझा नवरा मी उचलून घरी आणून ठेवीन. 

अकराच्या सुमाराला गाडी रुतली. काल संध्याकाळी इथूनच ती एका दमात पार झाली होती. आज मागची चाकं जागच्या जागी फिरली आणि वाळूत बुडत गेली. कॅप्टनची गाडी रुतणं ही तशी आक्रीतच गोष्ट. तो लोकांना शिकवायचा: वाळूत शिरताना टायरमधली हवा अठरा पौंडांवर आणायची, म्हणजे टायर पसरतो आणि वाळूवर तरंगतो, पक्क्या रस्त्याला लागलं की थांबून ती परत बत्तीस करायची, नाहीतर टायर तापून फाटतो. "वाळू अठरा, रस्ता बत्तीस" हे त्याने धाकूकडून तर पाढ्यासारखं घोकून घेतलं होतं. काल ओढ्याच्या तोंडाशी दोन्ही गाड्या त्यासाठीच अर्धा तास थांबल्या होत्या.

"थोडी अजून सोडतो," असं पुटपुटत कॅप्टन उतरला आणि तिच्याकडे पाठ करून चाकापाशी बसला. हवा सुटल्याचा फुस्स आवाज येऊ लागला.

अक्का पुढे जाऊन हाका मारू लागली. "धाकूऽऽ!" हाक मारायची, कान देऊन ऐकायचं, पुन्हा मारायची. प्रत्येक वेळी कान दिला की तिला मागून तोच फुस्स आवाज ऐकू यायचा. पहिल्या टायरचा आवाज थांबेपर्यंत तिच्या अकरा हाका झाल्या. मग दुसरा टायर, मग तिसरा.

चौथा संपल्यावर गाडी झटक्यात बाहेर निघाली, आणि कॅप्टनने कपाळाचा घाम पुसला. अक्काला काहीतरी खटकलं. पण काय खटकलं ते धड सापडेना, आणि ऊन तर डोक्यावर आलेलं.

३

दीड वाजता सगळे शाळेत परतले. कोणालाच काही सापडलं नव्हतं. फोनला रेंज मिळायची तर अडीच तास गाडी हाकायला हवी होती. मिस्त्रीने एकट्याने मदत आणायला जायचं ठरलं. पण मदत इथे पोचायला अंधार पडणार होता, म्हणजे खरा शोध उद्या सकाळीच. आणि उद्या सकाळपर्यंत धाकू बिनपाण्याचा टिकणार नाही, हे कोणी बोललं नाही इतकंच.

अक्काने मग तिला येत होतं ते काम सुरू केलं. ती डॉक्टरांना वर्गात घेऊन गेली. अंगाने आडवे डॉक्टर लहान मुलांच्या बाकावर कसेबसे मावले.

"रात्री काय ऐकलंत?"

"मी? गाढ झोपलो होतो, वहिनी. सात वाजता कॅप्टनच्या हॉर्ननेच जाग आली."

"मागच्या भिंतीपाशी सिगारेटची तीन थोटकं आहेत, डॉक्टर. ताजी. मिस्त्री ओढत नाही, आणि पहारेकरीबाबा तंबाखू चघळतात."

डॉक्टरांचं तोंड एवढंसं झालं. "वहिनी, गेल्या वर्षी माझ्या छातीत कळ आली तेव्हापासून हिने... कृपा करून हिला सांगू नका."

"माझा भाऊ हरवलाय. तुमच्या बायकोला चहाड्या सांगायला मला वेळ आहे का? काय ऐकलंत ते सांगा."

"साडेपाच असतील. मी भिंतीआड होतो, काही दिसलं नाही. कॅप्टनच्या गाडीचं दार वाजलं. धाड. मग आणखी एक. धाड. मग गाडी निघाली."

"दोन दारं?"

"दोन. सामानाचं मागचं लावलं असेल."

"हो, मागचंच असेल," अक्का म्हणाली. ती हे फार घाईने म्हणाली, आणि घाईने म्हणाल्याचं तिला स्वतःलाच जाणवलं.

"काल जेवताना धाकूशी तुमची खडाजंगी झाली, ती कशावरून?"

"अहो, ती कसली खडाजंगी! तो म्हणत होता, खाणीत पाळणा सोडायचं वरच्या शाफ्टचं ते मोठं चाक बघितल्याशिवाय मी घरी जाणार नाही. मी म्हटलं, अक्का ठार मारेल. तर म्हणे, तुम्ही गप्प बसा, मी माणूस पटवलाय."

"कोणता माणूस?"

"मला वाटलं, पहारेकरी."

पहारेकऱ्याला कोणी काही पटवलं नव्हतं. तो म्हणाला की काल चष्मेवाला पोरगा, म्हणजे धाकूच, आला होता, पण कान फुटल्यामुळे तो काय बोलला ते कळलं नाही, मान हलवून वाटेला लावला. वरचा शाफ्ट लांब आहे. शाळेमागून चढ चढला की ट्रकांसाठी बांधलेला काँक्रीटचा रस्ता लागतो, सात किलोमीटर, अजून जसाच्या तसा. पायी जायचं तर दोन तास.

"आणि वर काय आहे?"

"सरळ खाली उतरणारी विहीर, तीनशे फूट. चाळीस फुटांवर फळ्यांचा एक माळा आहे. त्या फळ्या माझ्या उमेदीत टाकलेल्या. आता त्यावर मांजरही सोडू नये."

दोन तास पायी, आणि तेही पाणी न घेता? धाकू उनाड होता, बिनडोक नव्हता. अक्काने वरचा शाफ्ट मनातून खोडला आणि मिस्त्रीकडे वळली.

मिस्त्री निघायच्या गडबडीत होता. ओढायचा जाड दोर घ्यायला त्याने कॅप्टनच्या गाडीचं मागचं दार उघडलं आणि तिथेच थबकला.

"वहिनी, हा पंप कोणी काढला?"

टायरमध्ये हवा भरायचा पंप सगळ्या सामानाच्या वर पडला होता, नळी वेडीवाकडी सुटलेली.

"का? काय झालं?"

"काल मी स्वतः हा अवजारांच्या पेटीखाली ठेवला. परतीच्या पक्क्या रस्त्याला लागेपर्यंत याचं कामच नाही." त्याने खांदे उडवले, दोर घेतला आणि गाडी सुरू केली.

धुरळा खाली बसला तरी अक्का त्या पंपासमोर उभीच होती.

४

दुसऱ्या कोणाचा नवरा असता, तर तिने त्याला सकाळी अकरालाच पकडला असता.

शाळेच्या पायरीवर बसून तिने एकेक गोष्ट पुढ्यात मांडली. मन माघार घेत होतं, डोकं पुढे चाललं होतं. काल संध्याकाळी सगळ्या टायरांत अठरा हवा होती. आज अकरा वाजता कॅप्टनने "थोडी" हवा सोडली. थोडी हवा सोडायला दहा सेकंद लागतात, आणि तिच्या तर अकरा हाका झाल्या होत्या. म्हणजे टायर टम्म होते, म्हणूनच गाडी रुतली. रात्रीत टायर आपोआप फुगत नाहीत. ते पंपाने भरले, आणि पंप कुठे होता ते मिस्त्रीने सांगितलंच.

मग हवा भरली कशाला? हे लोक एकाच कारणासाठी भरतात. पुढे पक्का रस्ता असेल तर. इथे पक्का रस्ता एकच होता.

कॅप्टन म्हणत होता की तो दीड तास वाळूत होता. ज्या माणसाने उभ्या जन्मात बत्तीसच्या हवेवर वाळूत चाक घातलं नाही, तो. आणि गाडीची दोन दारं वाजली होती. आणि बाटली! पाणी नेलं नाही म्हणजे धाकू जवळपासच आहे, असं सगळे धरून चालले होते. त्याने बाटली नेली नाही, कारण तो पायी गेलाच नव्हता. गाडीत वीस लिटरचा कॅन होता.

अक्का उठली.  पलीकडच्या वर्गात कॅप्टन नकाशा पसरून ओढ्यावर पेन्सिलीने खुणा करत होता. उद्या सकाळी मदतीला येणाऱ्यांनी कुठे शोधायचं, त्याच्या खुणा.

"सकाळी टायरमध्ये किती हवा होती?" तिने विचारलं.

पेन्सिल थांबली.

"काय?"

"मी ओढ्यात हाका मारत होते आणि तू हवा सोडत होतास. किती होती?"

  मग त्याचा चेहरा आतून ढासळत गेला आणि तो दोन्ही हातांनी बाक धरून खाली बसला.

"तो गेला गं," तो म्हणाला. "पहाटे मला हलवून उठवलं. म्हणाला, दाजी, फक्त चाक दाखवा, अक्का उठायच्या आत परत येऊ. म्हटलं, दहा मिनिटांचं काम आहे. रस्त्याला लागल्यावर हवासुद्धा त्यानेच भरली, माझाच नियम मला म्हणून दाखवत. वर शाफ्टच्या खोलीत चाकाखाली उभा राहून फोटो काढत होता आणि पायाखालची फळी मोडली. मी हाका मारल्या. काही आवाज आला नाही."

"कुठे पडलाय? माळ्यावर की खाली?"

"आत अंधार होता. दिसलं नाही."

"टॉर्च होता ना गाडीत!"

"मला बघवेना."

"आणि मग इथे येऊन ठसे दाखवलेस. आम्हाला सहा तास ओढ्यात फिरवलंस."

"तुला तोंड कसं दाखवणार होतो? शब्द दिला होता मी तुला. परत येताना वाटलं, येऊन सांगून टाकू. तुला समोर पाहिलं आणि तोंडातून ओढाच निघाला. एकदा बोलून गेलो, मग पुढचं सगळं त्याच्या मागोमाग. तो गेलाच आहे, आता एवढ्यातेवढ्याने काय फरक पडतो, असं वाटलं."

"गेलाय हे कोणी ठरवलं?"

कॅप्टनने वर पाहिलं. डॉक्टर दारात येऊन उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं असावं, कारण त्यांच्या हातात औषधांची पेटी होती आणि ते एवढंच म्हणाले, "वहिनी, चला."

गाडी अक्काने चालवली. टायरमध्ये हवा भरायला ती थांबली नाही.

५

वरच्या शाफ्टची खोली म्हणजे गोदामाएवढी मोठी, निम्मं छप्पर उडालेलं. मधोमध ते लोखंडी चाक, दोन पुरुष उंच. त्याच्याखाली जमिनीत विहीर असायला हवी होती. तिथे एक गंजलेला पत्रा पडला होता.

"हा कोणी टाकला?" अक्काने विचारलं.

"मीच," कॅप्टन म्हणाला. "म्हटलं, आणखी कोणी पडू नये."

त्या क्षणी तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. तिघांनी मिळून पत्रा बाजूला ओढला आणि डॉक्टरांनी टॉर्च आत धरला. चाळीस फूट खाली, काळ्या पडलेल्या फळ्यांवर धाकू कुशीवर पडलेला होता. एक पाय भलत्याच दिशेला वळलेला. त्याच्या पलीकडच्या दोन फळ्या नव्हत्या आणि तिथून खाली नुसता काळोख होता.

टॉर्चच्या उजेडाने त्याचा हात हलला.

 अक्काने डॉक्टरांचा दंड इतका घट्ट धरला की पुढे आठवडाभर तो काळानिळा होता.

खाली उतरायला साधन एकच, गाडीच्या तोंडाशी बसवलेला विंच. रुतलेल्या गाड्या ओढायला त्यात पोलादी दोर गुंडाळलेला असतो आणि तो बटणावर चालतो. त्याला माणूस टांगायचा नसतो, हेही कॅप्टननेच सगळ्यांना शिकवलेलं. डॉक्टर पडले क्विंटलभर वजनाचे. अक्काला गाठी मारता येत नव्हत्या.

"मी उतरतो," कॅप्टन म्हणाला. त्याने कमरेला पट्टे आवळले, एक गाठ दोनदा तपासली आणि बटणाचा डबा बायकोच्या हातात दिला. "मी सांगेन तसं सोड. हळू."

त्याचा जीव आता तिच्या अंगठ्याखाली होता. दोर काठावरच्या लाकडावर करकरत खाली जाऊ लागला. तो फळ्यांवर टेकला तेव्हा एक फळी कडकन बोलली. पण माळा टिकला. कॅप्टनने धाकूच्या पायाला फळकुट बांधलं आणि त्याला पट्ट्यांत अडकवलं. ते काम त्याने इतकं सफाईने आणि इतक्या मायेने केलं की वरून बघताना अक्काला रडू आलं. त्याने स्वतःचा पट्टा सोडून धाकूला बांधला होता. आता दोर एकाच माणसाला वर आणणार होता, आणि दुसरा त्या कुजक्या फळ्यांवर बिनदोराचा थांबणार होता.

धाकू वर आला. डॉक्टरांनी त्याला आडवा केला, दोर मोकळा केला. अक्काने त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि बाटलीच्या झाकणाने घोट घोट पाणी पाजलं. ओठ फुटले होते, चष्मा गेला होता, अंग तापलं होतं. पण हा तिचा धाकू होता आणि तो जिवंत होता. ती त्याच्या केसांतली माती काढत राहिली.

"अक्का." त्याच्या गळ्यातून नुसती खरखर निघाली. "दाजींचा काही दोष नाही हं. मीच गळ घातली. ते पत्रा ओढत होते ना, तेव्हा मला शुद्धच नव्हती. मी हाकच मारली नाही, त्यांना कसं कळणार?"

अक्काचा हात थांबला. हे त्याला कोणी विचारलं नव्हतं. आणि शुद्ध नसलेल्या माणसाला पत्रा कोण ओढत होतं ते कसं समजलं?

तेवढ्यात खालून आवाज आला. "अगं, दोर सोड! मी तयार आहे!"

शब्द न् शब्द लख्ख ऐकू आला. कॅप्टन काही ओरडला नव्हता, शेजारच्या खोलीतून बोलावं तसा बोलला होता. चाळीस फुटांवरून माणूस साधं बोलला तरी वर असं ऐकू येत होतं. डॉक्टरांनाही ते उमगलं असावं, कारण त्यांनी मान फिरवली आणि ते उगाचच पेटीत काहीतरी शोधू लागले.

पहाटे याच काठावर कॅप्टन उभा होता. खालून धाकू हाका मारत होता, दाजी, दाजी म्हणत. आणि तिच्या नवऱ्याने विहिरीच्या तोंडावर पत्रा ओढून घेतला होता. कोणी पडू नये म्हणून नाही, तर ऐकू येऊ नये म्हणून. धाकूला ते माहीत होतं. दिवसभर तो त्या अंधारात तेच मनात घेऊन पडून होता, आणि वर आल्यावर पहिल्या श्वासाला बहिणीचं घर सांभाळायला निघाला होता.

ज्या माणसावर तिने बावीस वर्षं विश्वास टाकला, तो खाली कुजक्या फळीवर उभा होता आणि बटण तिच्या हातात होतं. रागाने तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. तिने बटण दाबलं नाही. एक क्षण गेला, आणखी एक गेला. खालची फळी पुन्हा कडकली.

"अगं, ऐकतेस ना?" आता त्या आवाजात भीती होती.

धाकू तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. त्याने तिचं मनगट धरलं आणि घाबऱ्या घाबऱ्या पुन्हा सुरू केलं, "अक्का, खरंच, मी हाकच..."

"बोलू नकोस," अक्का म्हणाली. "घसा बसलाय तुझा."

तिने त्याचं डोकं हळूच खाली ठेवलं, काठापाशी गेली, खाली वाकून नवऱ्याच्या हाकेला ओ दिली, आणि बटण दाबून दोर खाली सोडला.